इंग्लिशमधलं 'देणं': गिव्ह कुठे, पे कुठे आणि कुठे यातलं काहीच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे की गिव्ह, हँड, पास, लेंड, ऑफर, प्रोव्हाइड, डोनेट, ग्रँट या सगळ्यांपुढे डिक्शनरीत 'देणे' असंच लिहिलेलं असतं, मग रोजच्या बोलण्यात कुठलं कधी वापरायचं, आणि 'टेल मी' चालतं तर 'एक्सप्लेन मी' का चालत नाही. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना बोलायचं इंग्लिश शिकवतोय आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण तो विचारणाऱ्याचं लक्ष बरोबर जागी गेलेलं असतं. माझं उत्तर असं की 'देणे' हा अर्थ जरा बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा, एक म्हणजे दिल्यानंतर ती वस्तू कोणाची राहणार आणि दुसरी म्हणजे त्या क्रियापदाला वाक्यात माणूस आधी घेतलेला चालतो का नाही. बहुतेक गोंधळ या दोनातच सुटतो.

पण त्याच्याही आधी एक सांगतो. प्रत्यक्ष हातात वस्तू देताना आणि मागताना इंग्लिशमध्ये गिव्ह फार कमी ऐकू येतं. समजा तुमच्या हातात पेन आहे आणि समोरच्याने ते मागितलंय. मराठीत आपण 'हे घे', 'घ्या' म्हणतो आणि त्याच सवयीने तोंडातून 'टेक धिस' निघतं. व्याकरणाने त्यात काही वावगं नाही पण कानाला ते हुकूम सोडल्यासारखं लागतं. तिकडे देणारा माणूस 'हिअर यू गो' म्हणतो किंवा 'हिअर यू आर', कधी 'देअर यू गो'. यात देण्याचं क्रियापदच नाहीये बघा. मागतानाही तेच, 'गिव्ह मी अ ग्लास ऑफ वॉटर' असं कोणी अनोळखी माणसाला म्हणत नाही, 'कॅन आय हॅव', 'कुड आय गेट' म्हणतात, हॉटेलात ऑर्डर देताना 'आय विल हॅव द सूप' म्हणतात, बिल मागताना 'कॅन वी हॅव द बिल, प्लीज'. म्हणजे समोरच्याला 'दे' सांगायच्या ऐवजी 'मला मिळेल का' असं स्वतःच्या बाजूने विचारायचं. मराठीत 'पाणी दे गं जरा' यातला 'गं' आणि 'जरा' सगळा गोडवा सांभाळून घेतात, इंग्लिशला तसे शब्द नाहीत म्हणून ते काम वाक्याच्या रचनेला करावं लागतं, आणि नुसतं प्लीज चिकटवून भागत नाही, 'गिव्ह मी द फाइल, प्लीज' हे प्लीजसकट हुकूमच राहतं. घरच्यांशी, जवळच्या मित्रांशी 'गिव्ह मी' बिनधास्त चालतं आणि तिथे त्याचा उच्चार बहुतेक वेळा 'गिमी' होतो, 'गिमी अ सेकंद', 'गिमी दॅट'. ऐकून समजलं पाहिजे, बोलायची सक्ती नाही.

आता मालकीचा मुद्दा. हँड म्हणजे फक्त हातातून हातात, ती वस्तू कोणाची याबद्दल हे क्रियापद काहीच बोलत नाही. 'शी हँडेड मी द कीज' यात किल्ल्या तिच्याच असू शकतात. पास म्हणजे मधे थोडं अंतर किंवा मधे माणसं, टेबलाच्या पलीकडची वस्तू मागताना 'कुड यू पास मी द वॉटर', आणि निरोप पुढे पोचवायचा तर 'पास इट ऑन'. हँडला छोटे शब्द जोडले की रोजच्या कामाची एक पूर्ण फॅमिली तयार होते, हँड आउट म्हणजे सगळ्यांना वाटणे, हँड इन म्हणजे असाइनमेंट किंवा फॉर्म जमा करणे, अमेरिकेत त्यालाच टर्न इन म्हणतात, हँड बॅक म्हणजे तपासलेला पेपर परत करणे, हँड डाउन म्हणजे एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाणे, आणि हँड ओव्हर म्हणजे ताबाच सोडणे, मग तो कामाचा चार्ज असो नाहीतर पोलिसांच्या हवाली केलेला माणूस असो. आपल्याकडे ऑफिसात या सगळ्याला सबमिट आणि डिस्ट्रिब्यूट म्हणायची सवय आहे, लेखी मेलमध्ये ते ठीकच आहे पण बोलताना 'आय हँडेड इट इन यस्टरडे' कितीतरी सहज वाटतं.

वस्तू परत यायची असेल तर लेंड. इथे मराठी माणूस अडकतो कारण आपण 'पुस्तक दे ना दोन दिवस' म्हणून मोकळे होतो, 'दोन दिवस' या शब्दांतच परतीचं आश्वासन आलं. इंग्लिशमध्ये 'गिव्ह मी युअर बुक' म्हटलं तर पुस्तक कायमचं गेलं असाही अर्थ निघू शकतो. देणारा लेंड करतो, घेणारा बॉरो करतो, आणि व्यवहारात मागणारा स्वतःच्या बाजूने बोलतो म्हणून 'कॅन आय बॉरो युअर पेन' हे 'कॅन यू लेंड मी युअर पेन' पेक्षा जास्त ऐकू येतं. 'कॅन आय लेंड युअर पेन' मात्र उलटं झालं, आणि 'ही बॉरोड मी हिज बाइक' पण उलटंच. अमेरिकन लोक लोन हे क्रियापद म्हणूनही वापरतात, 'ही लोन्ड मी हिज कार', तिकडे ते सर्रास आहे, ब्रिटिश कानाला लेंट बरं वाटतं. घर किंवा खोली भाड्याने देणं म्हणजे रेंट आउट, ब्रिटनमध्ये लेट. आणि पूर्ण फुकट, कायमचं, आता मला नकोच असं देणं म्हणजे गिव्ह अवे, त्याच गिव्ह अवेचा दुसरा अर्थ गुपित फोडणे असा आहे. डोनेट थोडं वरच्या पट्टीतलं, ते संस्थेला, कामाला, ब्लड बँकेला. मित्राला जुना शर्ट दिला तर तो डोनेट केला असं म्हणू नका, त्यात त्याला गरजू ठरवल्याचा वास येतो, तिथे साधं गेव्हच शोभतं.

पुढचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात जास्त चुकणारा आणि सगळ्यात कमी शिकवला जाणारा, तो म्हणजे पैसे. मराठीत पैसे 'देतो', भाडं 'देतो', बिल 'देतो', फी भरतो किंवा देतो. इंग्लिशमध्ये जिथे मोबदला किंवा देणं लागत असलेली रक्कम आहे तिथे पे. 'आय गेव्ह द रेंट' हे समजतं पण कच्चं वाटतं, 'आय पेड द रेंट' हवं. गिव्ह मनी म्हणजे मदत म्हणून, खाऊला म्हणून, भेट म्हणून, किंवा नुसतं हातात ठेवलं. 'माय बॉस गेव्ह मी मनी' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं साहेबांनी काहीतरी खाजगी मदत केली, पगाराबद्दल बोलायचं असेल तर 'माय बॉस पेड मी'. मग पे आणि पे फॉर मधला फरक, माणूस, रक्कम किंवा बिल असेल तर नुसतं पे, 'पे द ड्रायव्हर', 'पे द बिल', 'पे द फी', पण ज्याच्या बदल्यात पैसे गेले ती वस्तू असेल तर पे फॉर, 'आय पेड फॉर द टिकेट्स', 'हू पेड फॉर डिनर'. 'आय पेड द टिकेट' असं नाही होत. उसने परत करणं म्हणजे पे बॅक, 'आय विल पे यू बॅक ऑन मंडे', यात यू मधे येतो, शेवटी नाही. आणि 'आज मी पार्टी देतो' म्हणजे बिल मी भरतो असं म्हणायचं असेल तर 'आय विल गिव्ह पार्टी' नको, 'इट्स ऑन मी' किंवा 'माय ट्रीट', एवढंच.

आता रचनेकडे येऊ, कारण 'एक्सप्लेन मी' चं उत्तर इथेच आहे. गिव्हला दोन चाली आहेत. एक, 'आय गेव्ह रवी द बुक', माणूस आधी, वस्तू नंतर, मधे टू नाही. दोन, 'आय गेव्ह द बुक टू रवी', वस्तू आधी, मग टू आणि माणूस. दोन्ही बरोबर पण एकसारखे नाहीत, इंग्लिश वाक्यात नवी किंवा लांबलचक माहिती मागे ढकलायची ओढ असते, म्हणून रवीचं बोलणं चालू असेल आणि त्याला काय दिलं हे सांगायचं असेल तर पहिली चाल, पुस्तकाचं बोलणं चालू असेल आणि ते कोणाकडे गेलं हे सांगायचं असेल तर दुसरी. वस्तूसाठी 'इट' आलं की प्रश्नच मिटतो, 'गिव्ह इट टू मी', 'आय गेव्ह इट टू हर'. ब्रिटनच्या काही भागात, विशेषतः उत्तर इंग्लंडमध्ये, 'गिव्ह इट मी' असं बोलतात, ऐकलं तर दचकू नका, आपण मात्र टू लावून बोलायचं.

पहिल्या चालीला एक अट आहे, जो आधी येतो त्याच्याकडे ती वस्तू 'असू' शकली पाहिजे. म्हणून 'आय सेंट माय सिस्टर अ पार्सल' ठीक, पण 'आय सेंट लंडन अ पार्सल' विचित्र, कारण लंडन ही जागा आहे, ती पार्सल घेऊन काय करणार, तिथे 'टू लंडन' पाहिजे. 'आय सेंट द ऑफिस अ लेटर' मात्र चालतं कारण ऑफिस म्हणजे तिथली माणसं.

आणि सगळी क्रियापदं पहिली चाल घेत नाहीत. गिव्ह, सेंड, टेल, शो, लेंड, हँड, सेल, टीच, ही आखूड, जुन्या इंग्लिश घराण्यातली किंवा तिथे कधीच मुरलेली क्रियापदं ती सहज घेतात. 1066 मध्ये फ्रान्सकडून इंग्लंडवर झालेल्या नॉर्मन स्वारीनंतर फ्रेंचमधून आणि पुढे थेट लॅटिनमधून जी लांब क्रियापदं आली त्यातली बरीचशी घेत नाहीत, एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, डोनेट, रिटर्न, डिलिव्हर, सबमिट, काँट्रिब्यूट, इंट्रोड्यूस. म्हणून 'एक्सप्लेन इट टू मी', 'ही सजेस्टेड अ बुक टू मी', 'शी डोनेटेड हर बुक्स टू द लायब्ररी', 'आय रिटर्न्ड द बुक टू हिम'. 'रिटर्न मी माय बुक' ऐवजी बोलताना सरळ 'गिव्ह मी माय बुक बॅक' म्हणा, आणि 'इट' असेल तर 'गिव्ह इट बॅक', 'गिव्ह बॅक इट' कधीच नाही. हा घराण्याचा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, ऑफर, ग्रँट, अवॉर्ड, प्रॉमिस ही बाहेरून आलेली असूनही पहिली चाल घेतात, 'दे ऑफर्ड हर अ जॉब', 'ही प्रॉमिस्ड मी अ रेज'. ही चार-पाच वेगळी लक्षात ठेवा आणि बाकीच्या लांब क्रियापदांना शंका आली की टू लावा, टू लावून फसण्याची शक्यता फार कमी.

जाता जाता एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही, डोनेट ज्या लॅटिन धातूतून निघालं तोच मुळात संस्कृतच्या 'दा' धातूचा सख्खा भाऊ, म्हणजे डोनेट, डोनर, दान, दाता आणि आपलं 'देणे' ही सगळी एकाच कुळातली. डेटा म्हणजे मूळ अर्थाने 'दिलेल्या गोष्टी'. गिव्ह मात्र या कुळातलं नाही. जुन्या इंग्लिशमध्ये त्याची सुरुवात 'य' सारख्या आवाजाने व्हायची, आजचा कडक 'ग' हा इंग्लंडमध्ये येऊन राहिलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेच्या प्रभावाने आला असं मानतात.

प्रोव्हाइडची चाल पुन्हा तिसरीच, माणूस आधी घेतला तर वस्तूआधी विथ लागतो, 'दे प्रोव्हाइडेड अस विथ लॅपटॉप्स'. सप्लाय आणि प्रेझेंट यांचंही तसंच. ऑफिसच्या मेलमध्ये 'प्लीज प्रोव्हाइड मी द डिटेल्स' सारखं दिसतं, अमेरिकेत विथशिवाय कधीकधी ऐकूही येतं, पण नीटस हवं असेल तर विथ लावा, आणि खरं सांगायचं तर 'कुड यू सेंड मी द डिटेल्स' हे त्याहून चांगलं. बाय, मेक, गेट, फाइंड, बुक, ऑर्डर, सेव्ह या क्रियापदांना टूच्या जागी फॉर लागतो, 'शी बॉट मी अ कोट', 'शी बॉट अ कोट फॉर मी'. मराठीतलं 'आणून दे', 'शोधून दे', 'बनवून दे', 'काढून दे' यातलं 'देणं' नेमकं इथे उतरतं, तिथे गिव्ह आणायचाच नाही. 'मला चष्मा शोधून दे' म्हणजे 'कॅन यू फाइंड मी माय ग्लासेस', 'मला हे भाषांतर करून दे' म्हणजे 'कॅन यू ट्रान्सलेट धिस फॉर मी'. तो 'फॉर मी' म्हणजेच आपलं 'देणं'. 'फेकून दे' मध्ये ते अवे बनतं, 'थ्रो इट अवे'. 'जाऊ दे' मध्ये लेट बनतं, 'लेट हिम गो', आणि वैतागून म्हटलेलं 'जाऊ दे' हे 'फरगेट इट' किंवा 'नेव्हर माइंड' होतं.

असंच देणं मराठीत नामांनाही चिकटतं आणि तिथे शब्दाला शब्द ठेवला की घोटाळा होतो. भेट देणे म्हणजे व्हिजिट, नाहीतर पे अ व्हिजिट. लक्ष देणे म्हणजे पे अटेन्शन. वचन देणे म्हणजे मेक अ प्रॉमिस किंवा नुसतं प्रॉमिस, 'आय गिव्ह यू माय वर्ड' आहे पण ते वजनदार, गंभीर प्रसंगाचं. शुभेच्छा देणे म्हणजे विश, दोष देणे म्हणजे ब्लेम, धन्यवाद देणे म्हणजे थँक, आमंत्रण देणे म्हणजे इन्व्हाइट, शिव्या देणे म्हणजे स्वेअर अॅट, त्रास देणे म्हणजे बॉदर. सल्ला देणे मात्र गिव्ह अॅडव्हाइसच, फक्त 'अॅन अॅडव्हाइस' नको, 'सम अॅडव्हाइस'. परीक्षा देणे हे सगळ्यात गाजलेलं, भारतीय इंग्लिशमध्ये 'आय गेव्ह द एक्झाम' इतकं रुळलंय की आपसात कोणाला खटकत नाही, पण बाहेरच्या माणसाला ते ऐकून तुम्ही शिक्षक आहात आणि परीक्षा घेतलीत असं वाटतं. तिकडे विद्यार्थी एक्झाम टेक करतो, ब्रिटनमध्ये सिट करतो, कॅनडात राइट करतो, आणि गिव्ह करतो तो शिक्षक. इंटरव्ह्यूचंही तेच, उमेदवार 'आय हॅड अॅन इंटरव्ह्यू' म्हणतो.

याच्या बरोबर उलटी गोष्ट म्हणजे जिथे मराठीत देणं सुचत नाही तिथे इंग्लिश बोलणारे गिव्ह वापरतात, आणि बोलणं खुलतं ते यानेच. गिव्ह मी अ कॉल, ब्रिटनमध्ये गिव्ह मी अ रिंग, गिव्ह मी अ हँड म्हणजे हातभार लाव, गिव्ह मी अ लिफ्ट, अमेरिकेत राइड, गिव्ह इट अ ट्राय, गिव्ह इट अ मिनिट, गिव्ह हर अ हग, गिव्ह द डोअर अ पुश. साधं 'पुश द डोअर' आणि 'गिव्ह द डोअर अ पुश' यात फरक आहे, दुसऱ्यात एकदाच, पटकन, फार मनावर न घेता असा सूर आहे, मदत मागताना म्हणूनच तो बरा वाटतो. पण इथे टू वाली चाल सहसा चालत नाही, 'ही गेव्ह मी अ कॉल' म्हणतात, 'ही गेव्ह अ कॉल टू मी' कानाला लगेच परकं वाटतं, कारण खरं तर कुठली वस्तू इकडून तिकडे गेलेलीच नाही. वेळेसाठीही गिव्ह छान बसतं, 'गिव्ह मी फाइव्ह मिनिट्स', आणि 'डोंट गिव्ह मी दॅट' म्हणजे मला बनवू नकोस, असल्या सबबी नकोत.

गिव्ह अप, गिव्ह इन हे दोन सतत एकमेकांच्या जागी पडतात म्हणून तेवढंच सांगतो. गिव्ह अप म्हणजे आपण स्वतः प्रयत्न किंवा सवय सोडणं, 'ही गेव्ह अप स्मोकिंग', आणि अप नंतर क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं. गिव्ह इन म्हणजे दुसऱ्याच्या हट्टापुढे नमणं, मूल रडलं आणि आईने मोबाइल दिला, ते गिव्हिंग इन. आणि गिव्ह ऑफ म्हणजे बाहेर सोडणं, ते वासाला, धुराला, उष्णतेला.

ऑफर आणि गिव्ह यांच्यातली रेषाही सांभाळा. ऑफरमध्ये वस्तू अजून देणाऱ्याकडेच असते, घ्यायची का नाही हे समोरचा ठरवणार. 'दे ऑफर्ड मी द जॉब बट आय सेड नो' बरोबर, 'दे गेव्ह मी द जॉब' म्हटलं की तुम्ही कामाला लागलात. ग्रँट अधिकारवाल्याने मंजूर केलेलं, व्हिसा, रजा, परवानगी, तेही लिखाणात, बोलताना 'आय गॉट माय व्हिसा', 'दे लेट मी लीव्ह अर्ली'. गिफ्ट हे क्रियापद नवीन फॅड आहे असं बरेच जण म्हणतात, तसं नाही, काही शतकांपासून ते इंग्लिशमध्ये आहे, पण 'ही गिफ्टेड मी अ वॉच' हे भारतात जितकं सहज तितकं ब्रिटन-अमेरिकेत बोलताना नसतं, तिथे अजूनही 'ही गेव्ह मी अ वॉच फॉर माय बर्थडे' जास्त.

शेवटचं म्हणजे पॅसिव्ह. मराठीत 'मला एक महिना दिला गेला' असं आपण बोलत नाही, ते सरकारी कागदातलं वाटतं, म्हणून शिकणारे इंग्लिशमध्येही पॅसिव्ह टाळतात आणि 'दे गेव्ह मी' वरच सगळं रेटतात, मग तो दे कोण हा प्रश्न उरतो. इंग्लिशमध्ये घेणाऱ्या माणसालाच वाक्याच्या डोक्यावर बसवता येतं, 'आय वॉज गिव्हन अ मंथ टू फिनिश', 'वी वेअर टोल्ड टू वेट', 'शी वॉज ऑफर्ड अ सीट', 'आय वॉज पेड लेट'. कोणी दिलं हे माहीत नसेल, सांगायचं नसेल किंवा त्याला महत्त्व नसेल तेव्हा हेच सगळ्यात स्वाभाविक, आणि एक्सप्लेन वगैरे लांब मंडळींना ही सोयसुद्धा नाही, 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल्स' होत नाही, 'द रूल्स वेअर एक्सप्लेन्ड टू मी' म्हणावं लागतं, म्हणजे वर सांगितलेलीच टू वाली अट इथे परत लागू होते.